सूर: ओमानच्या जुन्या दर्यावर्दी गावाला जायचे तर असे जा

मस्कतहून कासवे बघायला निघालेल्या बहुतेक गाड्या सूरला तास-दीड तास थांबतात. गलबतांच्या कारखान्यापुढे चार फोटो, खाडीकाठी जेवण, की लगेच पुढे रास अल-जिन्झ. एवढ्यात सूर हाती लागत नाही. हे गाव खाडीच्या भरती-ओहोटीवर जगले आणि आजही त्याच हिशेबाने बघितले तर उलगडते. सकाळच्या ओहोटीला जे दिसते ते संध्याकाळच्या भरतीला दिसत नाही, आणि दुपारी तर काहीच दिसत नाही, कारण गाव झोपलेले असते. म्हणून सूरला निदान दोन रात्री द्याव्यात, हा माझा आग्रह आहे. पुढचा सगळा बेत त्या हिशेबानेच मांडला आहे.

निघण्याआधी गाव थोडे माहीत करून घ्या

सूर हे ओमानच्या पूर्व टोकाजवळचे बंदर, दक्षिण शर्किया प्रांताचे मुख्य ठिकाण. समोर ओमानचे आखात, आणि थोडे पूर्वेला रास अल-हद्दचे टोक ओलांडले की खुला अरबी समुद्र. गावाच्या पोटात शिरलेली खाडी, खोर अल-बतह, हा सूरचा जीव. तोंड अरुंद, आत ऐसपैस पाणी. वाऱ्यापासून आडोसा आणि ओहोटीला उघडी पडणारी सपाट वाळू, म्हणजे गलबते बांधायला आणि डागडुजीला आयती सोय.

ईशान्येचा वारा सुटला की इथली गलबते खजूर, मीठ, सुकी मासळी घेऊन पूर्व आफ्रिकेकडे, लामू-मोंबासा-झांझिबारला निघत, आणि नैर्ऋत्येचा वारा धरून परत येत. दुसरी वाट हिंदुस्थानची होती: मुंबई आणि खाली मलबार. मलबारचा साग सूरच्या गलबतांच्या अंगात आहे. तांदूळ, कापड, मसाले हिंदुस्थानातून, खारफुटीचे वासे आफ्रिकेतून. ओमानमधल्या जुन्या घरांच्या छतांत ते वासे अजून दिसतात. या व्यापारात गुलामही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटिश आरमार गलबतांची झडती घेऊ लागले तेव्हा सूरच्या कित्येक मालकांनी फ्रेंच निशाण लावले. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात वाद झाला, आणि 1905 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने त्याचा निवाडा दिला. एका लहान बंदरातल्या गलबतांचे निशाण थेट हेगला पोहोचले, यावरून त्या काळी सूरचे वजन काय होते ते कळते.

मस्कत आणि झांझिबारची राज्ये त्याआधीच वेगळी झाली होती, आगबोटीही आल्या होत्या. पुढे गुलामांचा व्यापार बंद पडला आणि सूरचे वैभव ओसरले. आज गावाजवळ कल्हातला नैसर्गिक वायू द्रवरूप करून जहाजांवर चढवण्याचा मोठा प्रकल्प आहे. गावातला रोजगार बराचसा तिथला. गलबते बांधणे थोडके उरले आहे, पण संपलेले नाही.

कधी जायचे

नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात. दिवसा हवा सुखाची, रात्री किनाऱ्यावर पातळ स्वेटर लागेल इतपत गारवा. मेपासून उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, आणि ज्या गावात पायी फिरायचे त्या गावाला तो मोसम कामाचा नाही. अडचण एकच: रास अल-जिन्झला कासवे वर्षभर येत असली तरी त्यांची गर्दी जून ते सप्टेंबरमध्ये असते. सूर आणि कासवे दोन्ही हवे असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध हा चांगला मध्य.

येती काही वर्षे रमजान हिवाळ्यातच येणार आहे. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणे-पिणे चालत नाही, उपाहारगृहे संध्याकाळी उघडतात. जाऊ नये असे नाही. रात्रीचे सूर त्या दिवसांत फार जागे असते. पण लहान मुले किंवा मधुमेही माणूस बरोबर असेल तर टाळा. साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत गाव जवळजवळ बंद. शुक्रवार हा प्रवासाचा दिवस ठेवावा.

तारखा ठरवताना भरती-ओहोटीचे वेळापत्रकही काढा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा खाडी काठोकाठ भरते आणि तशीच तळापर्यंत उघडी पडते. सूर बघायला ते दिवस उत्तम.

कागद, पैसे, सामान

भारतीय पासपोर्टला ओमानचा व्हिसा लागतो. तो रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑनलाइन काढता येतो. दहा दिवसांचा आणि महिन्याचा असे पर्यटकांसाठीचे मुख्य प्रकार आहेत, या सहलीला दहा दिवसांचा पुरतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन अशा काही ठिकाणांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर ठरावीक दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी तेच संकेतस्थळ बघा, एजंटच्या बोलण्यावर राहू नका. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी.

मुंबई ते मस्कत विमान जेमतेम तीन तासांचे. घड्याळ दीड तास मागे. चलन ओमानी रियाल, त्याचे हजार बैसा. एक रियाल दोनशेहून जास्त रुपयांचा आहे, हे पहिल्या दिवशी सारखे विसरायला होते. दोन-तीन आकडी किंमत दिसली की ती रियालमध्ये आहे की बैसांत, ते विचारून घ्या. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, पण वादीतला, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या दरीतला, नावाडी, मासळी बाजार आणि चहाच्या टपऱ्यांसाठी सुटे रियाल जवळ ठेवा.

सामानात तीन गोष्टी: ओल्या दगडावर न घसरणारे पायताण, खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे, आणि विजेरी. ती लाल प्रकाशाची असेल तर उत्तम. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. आणि एक सूचना खास आपल्या लोकांना: खसखस नेऊ नका. आखातातल्या अनेक देशांत तिच्यावर बंदी आहे. मस्कतच्या नातेवाइकांसाठी म्हणून डब्यात घातलेले अनारसेही घरीच राहू द्या. ओमानपुरता नियम शोधत बसण्यापेक्षा तेच बरे.

गाडी की बस

मस्कत ते सूर किनाऱ्याच्या महामार्गाने सुमारे दोनशे किलोमीटर, सरळ गेलात तर दोन-सव्वादोन तास. सरकारी बस, मवासलात, सूरला जाते. ती स्वस्त आणि चांगली आहे, पण वाटेतले काही बघू देत नाही आणि सूरमध्ये पोहोचल्यावर तुम्ही टॅक्सीच्या हवाली होता. गाडी भाड्याने घ्यावी. साधी छोटी गाडी पुरते, वाळवंटात शिरायचे नसेल तर फोर-व्हीलचा खर्च करू नका.

त्यासाठी निघण्याआधी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या, मूळ परवानाही जवळ हवा. ओमानमध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि सुकाणू डाव्या हाताला असते. विमानतळावरून रात्री गाडी घेऊन लगेच सूर गाठायचे धाडस नको. पहिली रात्र मस्कतला झोपा. महामार्गावर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 120 आहे आणि कॅमेरे जागोजागी. अंधार पडल्यावर बकऱ्या आणि उंट रस्त्यावर येतात, म्हणून सूर्यास्ताआधी मुक्कामी पोहोचायचा नेम ठेवा.

वाटेतले थांबे

मस्कत सोडण्याआधी अल-बुस्तानजवळच्या चौकात उभे असलेले 'सोहार' हे जहाज बघा. सूरची खरी ओळख इथून सुरू होते. 1980 मध्ये हे जहाज सूरलाच बांधले गेले, आणि तेही खिळा न मारता. मलबारचे लाकूड आणि काथ्याची दोरी, फळ्या एकमेकींना शिवलेल्या. टिम सेव्हरिन हा दर्यावर्दी लेखक आणि त्याचे साथीदार नोव्हेंबर 1980 मध्ये मस्कतहून ते घेऊन निघाले आणि 1981 च्या जुलैत चीनच्या कँटनला पोहोचले. चौकात गाडी लावून जवळ जा आणि शिवणीचे टाके बघा. सूरमध्ये आज बांधतात ती गलबते खिळ्यांची आहेत, तेव्हा जुनी पद्धत प्रत्यक्ष बघायची ही संधी.

कुरियात मागे टाकल्यावर बिम्माचे विवर लागते. चुनखडीचे छत ढासळून झालेला खड्डा, तळाशी हिरवे-निळे पाणी, उतरायला पायऱ्या. अर्धा तास पुरे.

तिवीजवळ वादी शाब. इथे मात्र तीन-चार तास मोकळे ठेवा, नाहीतर जाऊच नका. महामार्गाच्या पुलाखाली गाडी लावायची, रियालभर देऊन होडीने पलीकडे जायचे, मग खजुराच्या बागा आणि पाण्याचे पाट यांच्या कडेने पाऊण तास चालायचे. पुढे एकामागून एक डोह. शेवटच्या डोहात खडकाची फट इतकी अरुंद आहे की फक्त डोके जाते. तिच्यातून पोहत आत गेले की गुहा आणि धबधबा. पोहता येत नसेल तर पहिल्या डोहाशी थांबा, तिथवरची वाटही सुंदर आहे. स्त्रियांनी टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतचे कपडे घालून पोहावे. ही गावकऱ्यांची जागा आहे. पावसाचा अंदाज असेल तर वादीत पाऊल टाकू नका. डोंगरात लांब कुठे पाऊस पडतो आणि इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा येतो. वाहत्या वादीत गाडी घालणे हा ओमानमध्ये कायद्याने गुन्हा आहे.

मुक्काम कुठे

खाडीच्या जवळ, शक्य तर किनाऱ्याच्या रस्त्यावर. बरीच हॉटेले गावाच्या आतल्या नव्या भागात आहेत, तिथे राहिलात तर पहाटे उठून खाडीवर जाण्याचा उत्साह मावळतो. कासवांसाठी रास अल-जिन्झलाच राहायची सोय आहे, पण ती तिसऱ्या रात्रीसाठी ठेवा. दोन्ही रात्री तिकडे काढल्या तर सूर पुन्हा वाटेवरचा थांबा होतो.

पहिली संध्याकाळ: आधी फक्त खाडी

गाव खाडीच्या पश्चिमेला, आणि पूर्वेला, तोंडाशी, अल-आयजा. पांढऱ्या बैठ्या घरांची वस्ती, दीपस्तंभ, टेकड्यांवर टेहळणीचे बुरूज. उतरते ऊन पश्चिमेकडून आयजावर पडते, त्यामुळे संध्याकाळी सूरच्या बाजूला उभे राहून आयजा बघायचे. सकाळी उलटे. फोटोंसाठी आलेले लोक नेमके याच्या उलट करतात आणि मग सगळे काळे पडले म्हणून हळहळतात.

किनाऱ्याच्या रस्त्याने चालत खाडीच्या तोंडाकडे जा. मासेमारीच्या फायबरच्या होड्या, फुटबॉल खेळणारी मुले, मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, पाय मोकळे करायला आलेली कुटुंबे. या वेळी घाई करू नका, काही बघायचेच असे ठरवू नका. भरती असेल तर झुलत्या पुलाखालून आत शिरणारे पाणी बघत उभे राहा. एवढ्या अरुंद तोंडातून शिडाची मोठी गलबते आत आणायची तर वारा आणि पाणी दोन्ही जुळायला लागत असणार, हे तिथे उभे राहिल्यावर आपोआप कळते.

दुसरी सकाळ: मासळी, मग कारखाना

उजाडताच मासळी बाजार. सुरमई, कुपा, तारली, मोठाले शार्क: आपल्याकडच्या माणसाला ओळख पटवायला वेळ लागत नाही. सुरमईवर ओमानमध्ये 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर बंदी असते, अंडी घालण्याचा काळ म्हणून. त्या दिवसांत कोणी सुरमई खपवू लागला तर घेऊ नका.

तिथून खाडीच्या काठच्या गलबतांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे उघडे आवार, लाकडाचे ओंडके, भुसा, एखादे अर्धवट गलबत. कधी दोन गलबतांचे काम चालू असते, कधी एकाचेही नाही. फाटकाशी विचारून आत जायचे, थोडे शुल्क मागितले तर द्यायचे. सुतार बहुतेक भारतातून आलेले आहेत, हिंदी चालते, आणि कोणी भारतातून केवळ हे बघायला आला याचे त्यांना बरे वाटते.

आता थोडे जवळ जाऊन बघा. युरोपी पद्धतीत आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर फळ्या चढवतात. इथे उलटे आहे. आधी तळाचा कणा, पुढची नाळ आणि मागचा खांब उभे राहतात. मग कण्यापासून वर एकेक फळी चढत जाते आणि आकार फळ्यांनीच येतो. फासळ्या त्यानंतर, तयार झालेल्या पोटात बसतील अशा ताशीव. कागदावर नकाशा नसतो. मोठ्या सुताराची नजर आणि मापाच्या दोऱ्या, एवढ्यावर काम चालते. फासळ्यांसाठी सरळ लाकूड कापून वाकवत नाहीत. झाडाचीच वाकडी फांदी शोधून आणतात, म्हणजे लाकडाचे तंतू तुटत नाहीत आणि जोर तसाच राहतो. आवाराच्या कोपऱ्यात वेड्यावाकड्या फांद्यांचा ढीग दिसला तर तो सरपण समजू नका. तो निवडून ठेवलेला माल आहे.

फळ्यांमधल्या फटी जवळून बघा. तेलात भिजवलेला कापूस बोथट छिन्नीने ठोकून त्या भरलेल्या असतात. पाण्यात पडल्यावर लाकूड फुगते आणि फट आणखी आवळते. काम चालू असेल तर त्या ठोक्यांचा आवाज एकसारखा येत राहतो. बघायला गेलात तर यंत्राच्या करवतीजवळ मुलांना सोडू नका, आणि सुताराचा फोटो त्याला विचारून काढा. तासभर तरी थांबा. इथून लहान लाकडी गलबते विकत मिळतात. कोणते गलबत आहे ते विचारून घ्या: घंजा, संबूक, बगला, बूम, प्रत्येकाची नाळ आणि पाठ वेगळी.

फतह अल-खैर

कारखान्याजवळच, सागरी संग्रहालयाच्या आवारात, वर काढून ठेवलेले 'फतह अल-खैर' हे गलबत. ही घंजा जातीची, वीस मीटरहून लांब, 1951 मध्ये सूरमध्येच बांधलेली, आणि या जातीतली इथे उरलेली शेवटची. मधल्या काळात ती विकली जाऊन येमेनला गेली होती. सूरच्या लोकांनी वर्गणी काढून 1993 मध्ये ती परत आणली. जुनी वस्तू मोडीत काढणे किती सोपे असते, आणि एका गावाने विकलेले गलबत पुन्हा विकत घेऊन घरी आणावे, हे मला सूरमधले सगळ्यात मोठे वैभव वाटते.

पुढून सुरुवात करा. नाळेच्या टोकावर तीन पाकळ्यांचा कोरीव तुरा आहे, घंजा ओळखण्याची खूण तीच. कच्छ-काठियावाडची कोटिया ही हिची जवळची बहीण, तिच्या नाळेवर पोपटाचे तोंड असते. मग मागे जा: सपाट पाठ, तीवर नक्षी. या गलबतांची सुतारी दोन्ही किनाऱ्यांनी मिळून घडवली आहे, हे या दोन टोकांवर दिसते. संग्रहालयात नकाशे, दिशा मोजण्याची साधने, नाखव्यांच्या नोंदी आहेत. आधी गलबत, मग संग्रहालय, हा क्रम ठेवा. वस्तू बघून झाल्यावर कागद जास्त बोलतात.

दुपार आणि आयजा

एक ते चार दुकाने बंद, ऊन डोक्यावर. जेवा आणि झोपा.

चारला झुलत्या पुलावरून आयजाला. गाडी बाहेर ठेवून पायी शिरा. गल्ल्या अरुंद आहेत आणि लोक तिथे राहतात. जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांची कोरीव लाकडी दारे अजून काही ठिकाणी टिकून आहेत. दाराचा फोटो ठीक, पण उघड्या दारातून आत कॅमेरा रोखू नका, आणि बायकांचे फोटो काढूच नका. समोर येणाऱ्याला 'अस्सलामु अलैकुम' म्हटले की चेहरे खुलतात. कहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, बोलावणे आले तर नाही म्हणू नका. छोटा पेला उजव्या हाताने घ्यायचा, बरोबर खजूर. पुरे झाले की पेला किंचित हलवून परत द्यायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो.

दीपस्तंभाकडून पुढे जाऊन टेहळणीच्या बुरुजाच्या टेकडीवर चढा. वाट दगडांची पण छोटी आहे. वरून सूरची सगळी रचना एका नजरेत येते: खुला समुद्र, अरुंद तोंड, आतली खाडी, काठावर गाव, मागे डोंगर. ओहोटी असेल तर खाडीतली जुनी गलबते वाळूवर एका कुशीवर कलंडलेली दिसतात. सूर्य मावळेपर्यंत तिथे बसा.

किल्ले दोन आहेत, सुनैसला आणि बिलाद सूर. सुनैसला गावाजवळच्या टेकडीवर, चौकोनी, चार बुरुजांचा, तीनशे वर्षांचा मानतात. बिलाद सूर आतल्या बाजूला खजुराच्या बागांमध्ये. डागडुजीसाठी कधी एक बंद असतो, कधी दुसरा. ज्याने आपल्याकडचे जलदुर्ग पाहिले आहेत त्याला बांधकाम लहान वाटेल. वेळ कमी असेल तर सुनैसला बाहेरून बघा आणि पुढे चला.

कल्हात: अर्धा दिवस

सूरच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर जुन्या कल्हातचे अवशेष. 2018 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. होर्मुझच्या राज्याचे हे दुसरे महत्त्वाचे शहर, आणि इथून हिंदुस्थानात जाणारा सगळ्यात मोलाचा माल म्हणजे घोडे. मार्को पोलोने तशी नोंद केली आहे. दख्खनच्या पठारावर चांगले घोडे निपजत नसत, म्हणून बहामनी आणि विजयनगर या दोघांनाही घोडदळासाठी समुद्रावरच अवलंबून राहावे लागे. चौल आणि दाभोळच्या धक्क्यावर उतरणारी अरबी घोडी या किनाऱ्यावरून यायची. मराठी माणसाने कल्हातला जाण्याचे हे एकच कारणही पुरेसे आहे. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी शहर लुटून जाळले, त्यानंतर ते उठलेच नाही.

उभी राहिली आहे ती बीबी मरियमची कबर. घुमट खचलेला, कमानी शाबूत. महामार्गावरूनही दिसते. आत जाण्याची मुभा अधूनमधून बंद होते, तेव्हा हॉटेलात आदल्या दिवशी विचारून घ्या.

इथे प्रवासी इब्न बतूताची गोष्ट आठवते. चौदाव्या शतकात तो सूरला उतरला, समोर डोंगराच्या उतारावर कल्हात दिसत होते, जवळच वाटले, म्हणून खिज्र नावाच्या एका हिंदी सोबत्याला आणि एका वाटाड्याला घेऊन पायी निघाला. वाटाड्याच्या मनात लुबाडणूक होती, वाटेत रात्र पडली, पाणी संपले, आणि कल्हातला पोहोचेपर्यंत त्याच्या पायांची अशी गत झाली की नखांखालून रक्त यायचे बाकी होते. या किनाऱ्यावर हवा कोरडी आणि डोंगर उघडे आहेत, त्यामुळे अंतर नेहमी कमी वाटते. 'तो बुरूज तर इथेच आहे' म्हणून पाण्याची बाटली न घेता निघू नका.

रास अल-जिन्झ

सूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. अरबस्तानाच्या पूर्व टोकाच्या या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवे अंडी घालायला येतात. 1996 पासून हे राखीव क्षेत्र आहे, किनाऱ्यावर फक्त केंद्राच्या वाटाड्याबरोबर जाता येते. रात्रीची आणि पहाटेची अशा दोन फेऱ्या असतात, संख्या मर्यादित, आगाऊ नोंदणी आवश्यक. माझा कौल पहाटेच्या फेरीला. गर्दी कमी असते आणि उजाडू लागल्यावर कासव समुद्राकडे परतताना विजेरीशिवाय दिसते.

नियम कडक आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. फ्लॅश नाही, मोबाइलचा प्रकाश नाही, बोलणे नाही, कासवाच्या समोर जायचे नाही. मादी खड्डा खणत असताना प्रकाश दिसला तर ती अंडी न घालताच परतते. एका वेळी शंभरच्या आसपास अंडी, आणि पिले बाहेर यायला साधारण दोन महिने. एखाद्या रात्री कासव येतही नाही, मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

केंद्रातले छोटे संग्रहालय मात्र सोडू नका. या किनाऱ्यावरच्या उत्खननात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बोटींचे डांबराचे तुकडे सापडले. आतल्या बाजूला लव्हाळ्याच्या मोळ्यांचे आणि दोरांचे ठसे, बाहेरच्या बाजूला चिकटलेले शिंपले. म्हणजे ती बोट समुद्रावर गेलेली होती. तिथेच सिंधू लिपीची अक्षरे असलेले खापर आणि हस्तिदंती कंगवाही मिळाला. आपल्याकडून इकडे आणि इकडून आपल्याकडे ये-जा किती जुनी आहे, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा.

खाण्याचे

मासे खाणाऱ्याला सूरमध्ये काही सांगावे लागत नाही. भाजलेली सुरमई आणि भात मागा. संध्याकाळी रस्त्याकडेला मिश्काक, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या काड्या. शाकाहारी माणसाचीही आबाळ होत नाही, केरळी उपाहारगृहे भरपूर आहेत आणि डाळ-भाजी-पराठा कुठेही मिळतो. करक, म्हणजे कडक दुधाचा, चहा दिवसातून चार वेळा प्या. ओमानी हलवा बरोबर आणा: तूप, साखर, केशर, वेलची, गुलाबपाणी. सीलबंद डबा घ्या.

परतीची वाट

आलात त्याच किनाऱ्याने परत जाऊ नका. रास अल-जिन्झहून जालान बनी बू अलीकडे वळा. तिथली बावन्न घुमटांची मशीद बाहेरून बघता येते. 1821 मध्ये मुंबईहून आलेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज सूरला उतरून याच गावावर चालून गेली होती, आणि मुंबईच्या काही पलटणींच्या रणसन्मानांत या गावाचे नाव आहे. पुढे अल-कामिलहून इब्रा-बिदबिदच्या द्रुतगती मार्गाला लागा. डाव्या हाताला शर्कियाची वाळू सुरू होते. एक रात्र वाळूत काढायची असेल तर तिथल्या राहण्याच्या तळाची गाडी मुख्य रस्त्यावर येऊन घेऊन जाते, तुमची छोटी गाडी वाळूत घालू नका. नाहीतर सकाळी निघून, इब्राला जेवून, संध्याकाळी मस्कत. विमान रात्रीचेच घ्या, आणि गाडी परत करताना टाकी भरून द्यायची असते, तेव्हा शेवटचा पेट्रोल पंप विमानतळाच्या फाट्याआधीच गाठा.